तारीख एक दिवस मागे का जाते?

प्रश्न : आमच्या संकेतस्थळावरील अर्जात १५ ऑगस्ट ही जन्मतारीख निवडली, तरी नोंद १४ ऑगस्टची होते. असे का?

उत्तर : आपल्या जावास्क्रिप्ट कोडमध्ये बहुधा भारतीय वेळेनुसार मध्यरात्रीची तारीख तयार होते आणि ‘टूआयएसओस्ट्रिंग’ (toISOString) ही आज्ञा तिचे यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) रूपांतर करताना साडेपाच तास वजा करत असल्यामुळे १४ तारखेचे १८:३० हाती येतात. जन्मतारखेला मुळात वेळ नसतेच. म्हणून ती ‘२०१०-०८-१५’ अशा आयएसओ ८६०१ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या (वर्ष-महिना-दिवस) क्रमाने, निव्वळ तारखेच्या रकान्यात साठवावी. व्यवहाराची नेमकी वेळ मात्र यूटीसीतच ठेवावी. ‘०५/०३’ हे रूप पडद्यावर दाखवण्यापुरतेच असावे, कारण अमेरिकी पद्धतीने वाचल्यास ५ मार्चचा ३ मे होतो आणि (हे अधिक त्रासदायक) महिन्याच्या १२ तारखेपर्यंत कोणतीही त्रुटी दिसत नाही.