सगळं एकदम रॉथमध्ये? नको

तुमचा प्रश्न असा: वय ६१, वहिनी ५८, गेल्या डिसेंबरात नोकरी सोडली, ट्रॅडिशनल आयआरएत (अमेरिकेतलं निवृत्तीचं खातं, कर पैसे काढताना लागतो) १४ लाख डॉलर. शेअरचे भाव पडलेत तोवर सगळं रॉथमध्ये (कर आधी भरायचा, मग काढताना नाही, असं खातं) वळवून एकदाचं मोकळं व्हावं का?

माझं मत, नाही. त्यातला 'एकदाचं' हा शब्दच काढून टाका. मी २०१९ पासून थोडं थोडं वळवतोय आणि किती वळवायचं ते दर डिसेंबरात नव्यानं ठरवतो.

१४ लाख एका वर्षात वळवलेत तर ते सगळं त्याच वर्षाचं उत्पन्न धरलं जाईल. जोडप्याला साधारण साडेसात लाखांच्या पुढे ३७ टक्के लागतात. नोकरीत असताना २४ टक्के वाचवले आणि आता ३७ भरायचे, हा आतबट्ट्याचा व्यवहार.

आता २०२५ च्या आकड्यांनी दुसरा हिशेब बघा. व्याजाचे वगैरे २० हजार येतात असं धरू. स्टँडर्ड डिडक्शन (उत्पन्नातून सरसकट मिळणारी वजावट) ३१,५००. कराची १२ टक्क्यांची पट्टी ९६,९५० ला संपते. म्हणजे सुमारे १ लाख ८ हजार वळवलेत तरी तुम्ही १२ च्या आतच राहता आणि फेडरल कर होतो साधारण ११,१५०. पगार थांबलाय, सोशल सिक्युरिटी (सरकारी पेन्शन) अजून सुरू नाही. ही मधली वर्षंच खरी कमाईची.

पुढे काय होतं? तुमचा जन्म १९६४ चा, म्हणून आयआरएतून दरवर्षी सक्तीनं पैसे काढणं ७५ व्या वर्षी सुरू होईल. तोवर १४ चे २८ लाख झाले तर ते भागायचे सरकारी तक्त्यातल्या २४.६ ने. पहिल्याच वर्षी जवळपास १ लाख १४ हजार काढावे लागतील, गरज असो वा नसो. वर सोशल सिक्युरिटी, तिचाही ८५ टक्क्यांपर्यंत भाग करपात्र. आणि बोलायला बरं वाटत नाही, पण दोघांपैकी एकच मागे राहिलं की पट्ट्या निम्म्या होतात. त्यामुळे आत्ता थोडं २२ टक्क्यांच्या पट्टीत शिरावं लागलं तरी मी घाबरणार नाही.

पण हात आखडायची कारणंही आहेत. ६५ पर्यंत मार्केटप्लेसचा (सरकारी विमाबाजारातला) आरोग्यविमा घेणार असाल तर त्याची सबसिडी याच उत्पन्नावर ठरते. ६३ व्या वर्षाचं उत्पन्न ६५ ला मेडिकेअरच्या (ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्यविम्याच्या) हप्त्यात डोकावतं. न्यू जर्सीत राहत असाल तर ६२ नंतर राज्याच्या करात मिळणारी पेन्शनवरची सवलत एकूण उत्पन्न दीड लाखावर गेलं की जाते.

डिसेंबरच का, ते मी ठेच खाऊन शिकलो. पहिल्या वर्षी मार्चमध्येच पट्टी काठोकाठ भरली. डिसेंबरात एका फंडानं भलामोठा भांडवली नफा वाटला, आणि पट्टीत जागा असती तर जो शून्य टक्क्यांत बसला असता, त्यावर १५ टक्के भरले. २०१८ पासून झालेलं रूपांतर (म्हणजे हे रॉथमध्ये वळवणं) मागे फिरवता येत नाही, त्यामुळे हात चोळत बसलो. ३१ डिसेंबर ही शेवटची तारीख. मी पंधराच्या आसपास उरकतो.

कर बँकेतल्या पैशातून भरा, आयआरएतून कापून घेऊ नका. वहिनींच्या खात्याला तर मुळीच नको. त्या अजून साडेएकोणसाठच्या आत आहेत, कापलेल्या रकमेवर १० टक्के दंड बसेल.

पुण्याला कायमचं परतायचं म्हणताय, तर रूपांतर शक्यतो त्याआधी, फार तर तिथल्या आरएनओआर वर्षांत (परतल्यावर काही काळ मिळणारा, 'रहिवासी पण सामान्य रहिवासी नव्हे' असा कराचा दर्जा) आटपा. त्या काळात परदेशातल्या उत्पन्नावर भारतात सहसा कर नसतो. अमेरिकेत रॉथ करमुक्त म्हणून भारतातही असेलच, असं मात्र धरून चालू नका. परतायचं वर्ष ठरलं असेल तर इथे लिहा. हाताशी किती डिसेंबर आहेत त्यावर दरवर्षीचा आकडा ठरेल.