तुरट वेगळं, कडू वेगळं, आणि ड्राय मीडचं काय?

प्रश्न असा आलाय की कॉफी, क्राफ्ट बिअर, मीड (मध आणि पाणी आंबवून केलेलं मद्य) यांच्या चवीबद्दल मराठीत लिहिताना बिटर आणि अ‍ॅस्ट्रिंजंट दोन्हीला 'कडवट' चालेल का, आणि ड्राय मीडला 'कोरडी मीड' म्हणावं का. माझं उत्तर दोन्हीला नाही.

अ‍ॅस्ट्रिंजंट म्हणजे तुरट, सरळ तुरट. कडू ही जिभेला कळणारी चव, तुरटपणा मात्र चवीपेक्षा स्पर्शाचा भाग जास्त. टॅनिनसारखे घटक लाळेतल्या प्रोटीनला चिकटतात, लाळेचा बुळबुळीतपणा जातो आणि तोंड खरखरीत होतं, गाल आतून ओढल्यासारखे वाटतात, कच्चं केळं किंवा सुपारी खाल्ल्यावर होतं ना तेच. घरी करून बघा, चहा बिनदुधाचा भरपूर उकळा, एक घोट गिळा आणि जीभ टाळूवर फिरवा, ती अडखळते, तो तुरटपणा. आता त्यातच थोडं दूध घाला, लगेच बराच उतरतो, कारण टॅनिन आता दुधातल्या प्रोटीनला जाऊन चिकटलं. उलट टॉनिक वॉटर घ्या, त्यात क्विनाइन असतं, चांगलं कडू लागतं पण जीभ काही अडखळत नाही.

हे एवढं लावून धरायचं कारण बिअरमध्ये दिसतं. आयपीए ही हॉप्स भरपूर घातलेली कडू बिअर. तिचा कडूपणा मुख्यतः हॉप्स, म्हणजे एका वेलीची फुलं, उकळताना त्यातल्या अल्फा अ‍ॅसिडचं रूप बदलतं त्यातून येतो, तो हवाच असतो, लोक त्याच्यासाठीच आयपीए मागवतात. पण माल्टचा, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या सातूचा, चोथा फार गरम पाण्याने धुतला की फोलातलं टॅनिन उतरतं आणि बिअर तुरट होते, हा बनवण्यातला दोष. कॉफीतही दळण फार बारीक झालं किंवा पाणी जास्त वेळ राहिलं की शेवटी तोंड असंच खरखरीत होतं. मग सगळ्याला कडवट लिहिलं तर वाचणाऱ्याला कसं कळणार तुम्ही कौतुक करताय की तक्रार?

आणि कडूतही केवढ्या पायऱ्या आहेत आपल्याकडे! कडसर म्हणजे जरासं, हवंहवंसं, मेथीच्या भाजीत असतं तसं. कडवट म्हटलं की नापसंती आलीच, आणि कडूजहर म्हणजे घोट खालीच जात नाही. चांगल्या एस्प्रेसोला मी कडसर म्हणेन, करपलेल्या बियांच्या कॉफीला कडवट. भाजणं नीट जमलं असेल तर खमंग किंवा खरपूस, हाताबाहेर गेलं तर करपट, इथे तर इंग्रजीकडे बघायचीही गरज नाही. (एक सावधगिरी: कुणी भारदस्त वाटावं म्हणून 'कटु' लिहितात, पण आयुर्वेदाच्या सहा रसांत कटु म्हणजे मिरी-सुंठीचा तिखट आणि कडू तो तिक्त, तुरट तो कषाय. तेव्हा ते नकोच.)

आता ड्राय मीड. आपल्याकडे मीड पुण्यात मूनशाइन आणि नाशिकला सेराना या कंपन्या करतात. यीस्टने मधातली साखर जवळजवळ सगळी खाऊन टाकली की ती ड्राय. म्हणजे सांगायचं असतं साखर नाही हे, आणि 'कोरडी' म्हटलं की वाचणाऱ्याचं लक्ष तोंड कोरडं पडण्याकडे, म्हणजे परत तुरटपणाकडेच जातं. चहात साखर कमी पडली की आपण काय म्हणतो, अगोड झालाय! तोच शब्द घ्या, अगोड मीड. त्याला तक्रारीचा वास आहे हे मान्य, पण चार परीक्षणांत कौतुकाने वापरला की तो जाईल असं मला मनापासून वाटतं. थोडी साखर उरली असेल तर गोडसर, आणि डेझर्टसारखी असेल तर गोडमिट्ट.

बॉडीला, म्हणजे पेय तोंडात किती भरीव लागतं त्याला, मात्र मला पटेल असा शब्द मिळालेला नाही, पातळ कॉफीला पाणचट म्हणता येतं, भरदार असेल तर दाट म्हणून भागतं, एरवी बॉडीच लिहा, सगळ्यांना कळतं.