एआय एजंटला आपलं टूल नीट वापरता यावं म्हणून डॉक्युमेंटेशन कसं लिहावं?

मराठवाड्यातल्या बाजार समित्यांचे भाव देणारं तुमचं टूल एजंट (स्वतः टूल वापरून कामं करणारा एआय प्रोग्राम) चुकीचं वापरतो, असं तुम्ही म्हणता. वर्णनात नुसतं 'भाव मिळवतो' असेल तर तो अंदाजच बांधणार. त्याला सहसा आतला कोड दिसत नाही. टूलचं नाव, वर्णन आणि इनपुटचा स्कीमा (कोणती माहिती कशा स्वरूपात द्यायची याचा आराखडा) यावरूनच तो ठरवतो. एजंटला टूल जोडायची प्रमाणित पद्धत असलेल्या मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉलमध्येही हेच.

असं लिहा: 'एका बाजार समितीचा एका दिवसाचा भाव, रुपये प्रति क्विंटल. तारखेत आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. उद्याच्या भावासाठी वापरू नये.' शेवटचं वाक्य बरेच जण गाळतात, माझ्या मते तेच सगळ्यात कामाचं.

जिल्ह्यांची नावं तर नीट तपासाच. २०२३ मध्ये उस्मानाबादचं धाराशिव झालं, पण तुमच्या डेटात जुनंच नाव असू शकतं. एजंट 'धाराशिव' पाठवेल, टूल रिकामी यादी देईल आणि सोयाबीन घेऊन निघालेल्या शेतकऱ्याला तो बेधडक सांगेल, आज आवकच नाही. म्हणून चालणारी नावं स्कीमातच एनम (ठरावीक पर्यायांची यादी) करून द्या. एररमध्ये 'नाव ओळखलं नाही, उस्मानाबाद पाठवा' असं स्पष्ट लिहा. 'बाजार बंद होता' हा संदेश वेगळा ठेवा.