वाचनालयाच्या नोंदी: रकाने वाढवण्याआधी पुस्तक आणि प्रत वेगळी करा

तुमची यादी दोनदा वाचली. वाचनालयाचं सगळं एकाच टेबलात आहे: सभासदाचं नाव, पत्ता, फोन, पुस्तक१, पुस्तक२, पुस्तक३, लेखक, किंमत, नेल्याची तारीख, वर्गणी. आता चौथं पुस्तक द्यायला सुरुवात झाली, तर पुस्तक४ हा रकाना वाढवावा का, असं तुम्ही विचारलंय. वाढवू नका. पुढच्या वर्षी पाचवा लागेल. शिवाय एखादी कादंबरी सध्या कुणाकडे आहे हे बघायला प्रत्येक वेळी सगळे रकाने धुंडाळावे लागतील, आणि पुस्तक परत आलं की ते कुणी नेलं होतं ही नोंदच पुसली जाईल.

आधी प्रत्येक रकान्यापुढे लिहून काढा, की ही माहिती नेमकी कशाची आहे. पत्ता सभासदाचा. लेखक पुस्तकाचा. किंमत? इथे बहुतेक जण चुकतात, मीही चुकलो होतो. १९८५ साली २० रुपयांना घेतलेली प्रत आणि २०१० साली १५० रुपयांना घेतलेली प्रत, पुस्तक एकच. किंमत प्रतीची असते. पुठ्ठा निघालाय, पानं गेली आहेत, बाद केली आहे, हेही प्रतीचंच. मी एका वाचनालयासाठी पहिल्यांदा काम केलं तेव्हा पुस्तकाच्या टेबलात 'प्रतींची संख्या' असा रकाना ठेवून मोकळा झालो. तीनपैकी एक प्रत हरवली तेव्हा संख्या दोन केली, पण हरवलेली कुठली आणि शेवटी कुणाच्या हाती होती, ते सांगता येईना. सगळं पुन्हा मांडावं लागलं.

खरं तर तुमच्या ग्रंथपालांच्या दाखल नोंदवहीत हे कोडं आधीच सुटलेलं आहे. तिथे एका प्रतीला एक ओळ आणि एक दाखल क्रमांक असतो. तेच उचला. पुस्तक, प्रत, सभासद आणि देवघेव अशी चार टेबलं करा. देवघेवीत एका वेळच्या एका प्रतीची एक ओळ: कुठली प्रत, कुठला सभासद, नेल्याची तारीख, परतीची तारीख. परतीची तारीख रिकामी म्हणजे प्रत बाहेर आहे. त्यासाठी 'सध्या बाहेर' असा वेगळा रकाना नको. एक दिवस तो आणि तारीख एकमेकांशी जुळेनासे होतात. संगणकशास्त्रज्ञ एडगर कॉड यांनी १९७० साली आयबीएम या संगणक कंपनीत असताना संबंधांवर आधारलेली ही मांडणी सुचवली, आणि आजही आपण त्याच पायावर टेबलं बांधतो.

दाखल क्रमांक मात्र मुख्य ओळख म्हणून वापरू नका. मी काम केलेल्या त्या वाचनालयात बालविभागाची नोंदवही वेगळी होती आणि तिचे क्रमांकही १ पासूनच सुरू होते. डेटाबेसने (टेबलं सांभाळणाऱ्या प्रणालीने) दिलेला स्वतंत्र आयडी, म्हणजे ओळख क्रमांक, ठेवा, आणि 'नोंदवही + दाखल क्रमांक' ही जोडी एकदाच येईल असं बंधन घाला.

लेखकांसाठीही वेगळं टेबल लागेल, कारण एका पुस्तकाला दोन लेखक, संपादक, अनुवादक असू शकतात. पुस्तक आणि लेखक यांना जोडणारं आणखी एक टेबल करा, त्यात 'भूमिका' हा रकाना ठेवा, आणि पुस्तकावर छापलेलं नावही तिथेच. कुसुमाग्रज आणि वि. वा. शिरवाडकर एकच, पण कविता एका नावाने आणि नाटकं दुसऱ्या नावाने. वाचक दोन्हींपैकी काहीही शोधेल आणि त्याला दोन्ही मिळायला हवीत.

रकान्यांच्या प्रकारांबद्दल थोडक्यात. फोन मजकूर म्हणून साठवा, नाहीतर सुरुवातीचा शून्य जातो. आयएसबीएन (पुस्तकावर छापलेला आंतरराष्ट्रीय क्रमांक) हाही मजकूरच; जुन्या दहा अंकी क्रमांकाच्या शेवटी एक्स येऊ शकतो. वर्गणी आणि अनामत डेसिमल या नेमका आकडा ठेवणाऱ्या प्रकारात, फ्लोट या अंदाजे आकडा ठेवणाऱ्या प्रकारात कधीच नाही. तारखांना तारखेचाच प्रकार. जुन्या पुस्तकांवर शके छापलेलं असेल तर ते जसंच्या तसं एका रकान्यात ठेवा आणि इसवी सन दुसऱ्यात. शकात ७८ मिळवले की बहुतेक वेळा सन मिळतो, पण जानेवारी ते चैत्र लागेपर्यंतच्या काळाला ७९ लागतात. म्हणून मूळ आकडा फेकू नका.

मराठी मजकुरावर मात्र जरा वेळ घालवा. 'ज्ञानेश्वर' ही आपल्याला चार अक्षरं दिसतात, पण युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या तक्त्यात, ती दहा चिन्हं आहेत आणि यूटीएफ-८ या साठवण्याच्या पद्धतीत तीस बाइट. त्यामुळे रकान्याची लांबी इंग्रजीच्या अंदाजाने ठरवाल तर नावं अर्धवट कापली जातील. दुसरी अडचण 'ॲ'ची. एकाच चिन्हाचा ॲ, 'अ'वर चंद्र देऊन केलेला अॅ, आणि ऍ. पहिले दोन डोळ्यांना सारखेच दिसतात, डेटाबेसला नाही. 'ॲड.' शोधलं आणि अर्धेच सभासद आले, असं होतं. नोंद आत घेतानाच तिन्हींचं एक रूप करा. तिसरी अडचण क्रमाची. युनिकोडच्या तक्त्यात ळ लगेच ल नंतर बसतो, आपल्या वर्णमालेत तो ह नंतर, आणि मग क्ष, ज्ञ. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये आवृत्ती १० पासून आयसीयू या युनिकोड-लायब्ररीचं मराठी कोलेशन, म्हणजे अक्षरक्रमाचे नियम, वापरता येतं. ते लावलंत की लेखकसूची छापील सूचीसारखी लागेल.

सभासदाच्या नावाचे तीन तुकडे सक्तीचे करू नका. काहींना मधलं नाव लावायचं नसतं, काहींना आडनावच नसतं. पूर्ण नाव त्यांनी सांगितलं तसं एका रकान्यात, आणि सूचीसाठी आडनाव ऐच्छिक.

टेबलं बांधायच्या आधी दाखल नोंदवहीची तीन पानं निवडा: एक सर्वांत जुनं, एक मधलं, एक यंदाचं. त्यावरच्या नोंदी हाताने या सगळ्या टेबलांत भरून बघा. जी ओळ कुठेच बसत नाही ती इथे टाका, आपण मिळून बघू.