दुसऱ्यांदा लावशील का?

बाळा,

शनिवारी तू जिन्यातच पिशवी उघडलीस, त्यामुळे नीट बोलणं झालं नाही. गेमच्या नऊ जुन्या डिस्क, दुकानदाराने सगळ्यांचे मिळून सांगितलेले 4,200 रुपये, आणि त्यात थोडी भर घालून फुटबॉलचा नवा गेम. "काका, यातल्या कुठल्या देऊ?" एवढंच विचारलंस. मी "बघू" म्हणालो आणि वर आलो, पण जेवताना पण तेच डोक्यात होतं. म्हणून लिहितोय.

तू मला प्रत्येक डिस्कचा भाव सांगत होतास. कुठली किती दिवसांत संपवलीस, कुठल्या गेमला किती मार्क पडलेत, तेही सांगत होतास. मला यातलं काहीच नको होतं. डिस्क हातात घे आणि एकच विचार: ही मी दुसऱ्यांदा लावीन का? लावीन असं वाटलं तर कितीही भाव येऊ दे, द्यायची नाही. नाही वाटलं तर आजच देऊन टाक, ठेवून तिचा भाव उतरतच जाणार.

हे मी कुठे शिकलो ते सांगतो. आमच्याकडे पीएस2 होता, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायचा प्लेस्टेशन 2, माझा आणि दादाचा मिळून. 'शॅडो ऑफ द कोलोसस' ही 2005 सालची गेम. त्यात किरकोळ शत्रू नाहीत, गोळ्या नाहीत, मोकळं माळरान, एक घोडा आणि सोळा राक्षस. एकेकाच्या अंगावरच्या केसांना धरून वर चढायचं, हाताची ताकद संपत आली की बटण दाबून धरलेलं बोटही दुखायला लागायचं. एक राक्षस दादाचा, एक माझा, अशी पाळी. तेरा झाले होते. तेवढ्यात पीएस3 चं वेड लागलं आणि मी सात ओरिजिनल डिस्क एका दुकानात एक्स्चेंजला दिल्या, 1,400 रुपयांना. मेमरी कार्डही दिलं, आठ एमबीचं, बोटाच्या दोन पेरांएवढं, आमचे तेरा राक्षस त्यातच साठवलेले. दुकानदार म्हणाला कार्डाचे पन्नास जादा देतो, आणि मी दिलं. घरी आल्यावर दादाने फक्त विचारलं, "कार्ड पण?" बदल्यात आणलेली गेम मी आठवडाभर खेळलो. तिचं नावसुद्धा आज सांगता येत नाही.

2018 मध्ये तीच गेम पीएस4 वर नव्याने आली. घेतली, सोळाच्या सोळा पाडले. पण दादा मस्कतला आणि मी इथे कोल्हापुरात, राजारामपुरीत. म्हणून माझ्या कपाटात एकतीस डिस्क आहेत आणि त्यातली एकही विकायची नाही हे घरात ठरलेलं आहे. तुझ्या काकूला ते पटत नाही. पण त्या एकतीसपैकी प्रत्येक मी निदान दोनदा संपवली आहे. साठवून ठेवलेला भंगार आणि हे, यात फरक आहे आणि तो मी कुणालाही सांगेन.

आता तुझी पिशवी. 'विचर 3' तू अर्ध्यात सोडलीस आणि 'कंटाळा आला' म्हणालास. ही 2015 ची गेम आहे, पुढे तिलाच जोडायचे दोन मोठे भाग निघाले, आणि डिस्क असणाऱ्याला पीएस5 वरची सुधारित आवृत्ती 2022 च्या डिसेंबरात फुकट मिळाली. कंटाळा आला म्हणजे ती वाईट असं नाही, तू बारावीत होतास. ठेव. 'गॉड ऑफ वॉर' ठेव, बापलेकाची गोष्ट तिशीत वेगळी वाटते. ती दोन शूटिंगची ऑनलाइन-ऑनलाइन म्हणून घेतलेली उद्याच दे. आणि ऑनलाइनवरच चालणारी गेम सेकंड हँड घेताना कंपनीचे सर्व्हर, म्हणजे ती गेम जिथून चालते ते कॉम्प्युटर, चालू आहेत का ते आधी बघत जा. 'द क्रू' चे सर्व्हर 31 मार्च 2024 ला बंद झाले आणि लोकांच्या हातात पैसे मोजून घेतलेली डिस्क नुसती चकती उरली.

पहिल्याच दिवशी घ्यायची घाई कशाला करतोस, मला खरंच कळत नाही. 'सायबरपंक 2077' आठव. 10 डिसेंबर 2020 ला आली, पीएस4 वर इतकी बिघडलेली की आठवडाभरात सोनीने आपल्या ऑनलाइन दुकानातून काढून टाकली आणि पुढच्या जूनमध्ये परत घेतली. जे थांबले त्यांना तीच गेम दुरुस्त होऊन, कमी पैशांत मिळाली. दुसऱ्यांदा लावण्यासारखी गेम दोन वर्षांनीही तशीच चांगली असते. जिला पहिल्याच दिवशी खेळल्याशिवाय मजा नाही, तिच्यात मजा किती होती ते तूच बघ.

फुटबॉलबद्दल मी तुला अडवणार नाही. तू पेठेतला पोरगा, शाहू स्टेडियमवर मॅच संपली की चार जण तुझ्या खोलीत दोन रिमोटवर बसतात हे मला माहीत आहे. ती गेम तू दुसऱ्यांदाच काय, हजारदा लावशील. पण मग दर वर्षी नवी कशाला? 2023 पासून 'फिफा' जाऊन नाव 'एफसी' झालं, खेळाडू इकडचे तिकडे झाले, पण एका खोलीत शेजारी बसून खेळायला सर्व्हर लागत नाही. मागच्या वर्षीची सेकंड हँड घे, निम्म्याहून कमीत मिळेल. त्यासाठी नऊ डिस्क द्यायची गरजच नाही.

जाता जाता बिनड्राइव्हच्या, म्हणजे डिस्क घालायची सोय नसलेल्या पीएस5 ची गोष्ट काढलीस, "चार पैसे वाचतात" म्हणून. वाचतात. पण तुझ्या पीएस4 च्या डिस्क त्यात घालायच्या कुठे? आणि डाउनलोड केलेली गेम तू मित्राला देणार कशी, विकणार कशी? ड्राइव्हवालाच घे, सहा महिने थांबावं लागलं तरी चालेल.

सेकंड हँड घेताना डिस्क ट्यूबलाइटखाली तिरकी धर. मधून कडेकडे गेलेला ओरखडा बहुतेक वेळा निभावतो, गोल फिरलेला नाही. या डिस्क ब्लू-रे जातीच्या, त्यांत माहिती पृष्ठभागापासून फक्त 0.1 मिलिमीटर खोल असते, त्यामुळे 'घासून देतो' म्हणणाऱ्याकडे जाऊ नकोस. पुसायची तर मऊ कापडाने, मधून बाहेर.

दुकानदाराला अजून हो म्हणू नकोस. रविवारी सकाळी पिशवी घेऊन ये, एकेक लावून बघू. आणि 'रेड डेड 2' दोन डिस्कची आहे, तुझ्या डब्यात एकच होती. दुसरी शोधून आण.

तुझा,
काका