पत्रात कार्बोरेटरचं नाव आहे, मेस्त्रींचं नाही

ताई, स. न.

मी ६३ वर्षांचा. साखर कारखान्यात इंजिनिअरिंग विभागात ३४ वर्षं काढली. आता गाळप हंगामात आठवड्यातून तीन दिवस सल्लागार म्हणून जातो, उरलेला वेळ घरामागच्या शेडमध्ये. चार वर्षांपूर्वी १९६७ची फियाट ११०० डी कोकणातून गंजलेल्या अवस्थेत आणली. पत्र्याचं काम, रंग, वायरिंग, सोलेक्स कार्बोरेटर, सीटा, सगळं मार्गी लावलं. आजवर ३ लाख ४० हजार खर्च झाले, पै न् पै वहीत लिहिली आहे. पण इंजिन बांधल्यापासून ते गरम झालं की आतून ठकठक येते. व्हिडिओ बघून दोनदा उघडलं, पुन्हा बांधलं, तरी जात नाही. पूर्वी इंजिनाचं काम उद्यमनगरातल्या एका मेस्त्रींकडून करून घ्यायचो, पण आता त्यांचे हात थरथरतात, त्यांना त्रास नको म्हणून दोन वर्षं गेलो नाही. शेजाऱ्यांची तक्रार नको म्हणून शटर ओढून घेऊन इंजिन चालू करतो. बायको म्हणते, या डब्यात पैसे घालणं थांबवा. मुलगा पुण्याहून आला की त्याची गाडी लावायला शेड मागतो. मित्र म्हणतो, जुनं इंजिन काढ, मारुतीचं बसव, मोकळा हो. माझी बाजू घेणारं कोणी नाही. छंद सोडू का?

— एक वाचक, कोल्हापूर

भाऊ,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा तुम्ही दाखवलंत तिकडेच बघत होते: बायको, मुलगा, मित्र. दुसऱ्यांदा वाचताना मधल्या एका वाक्याशी ठेच लागली. तिसऱ्यांदा तेवढंच वाक्य वाचलं. ‘त्यांना त्रास नको म्हणून दोन वर्षं गेलो नाही.’

मुलाला सांगा, गाडी रस्त्याच्या कडेला लाव. बायकोला खर्च दिसतो, कारण तुम्ही तो लिहून ठेवलाय. गाडी घेऊन एकदा तिला पन्हाळ्याला नेऊन आणलंत की पुढचं तुमचं तुम्ही बघा. त्या दोघांबद्दल मला एवढंच म्हणायचं आहे. तुम्ही ज्याच्याबद्दल काहीच विचारलं नाहीत, त्याच्याबद्दल बोलू.

गाडी कुठल्या सालची ते तुम्ही लिहिलंत. कार्बोरेटर कुठल्या कंपनीचा ते लिहिलंत. खर्चाचा आकडा लिहिलात. आणि ज्या माणसाकडून पूर्वी तुम्ही इंजिनं बांधून घेतलीत, तो तुमच्या पत्रात ‘एक मेस्त्री’ आहे. नाव नाही, वय नाही, घरी कोण आहे, हात कशाने थरथरतात, कुणा डॉक्टरांना दाखवलंय का, काही नाही. फक्त हात. ते चालेनासे झाले आणि तुम्ही जाणं थांबवलंत.

हे मी चिडून लिहितेय, आणि का चिडलेय तेही सांगते.

माझे वडील इचलकरंजीत यंत्रमाग दुरुस्त करणारे जॉबर होते. गल्लीतून सायकलवरून जाताना कुणाच्या कारखान्यात धोटा नीट बसत नाहीये, हे त्यांना बाहेरून ऐकू यायचं. पाय टेकून उतरायचे, आत जायचे, पाच मिनिटांत माग लावून द्यायचे. साठीनंतर त्यांची नजर गेली, एका डोळ्याची पूर्ण आणि दुसऱ्याची बरीचशी. मग बोलावणी बंद झाली. कुणी वाईट वागलं नाही. सगळे मालक भले होते, निम्म्यांना तर वडिलांनीच काम शिकवलेलं. सगळे एकच म्हणायचे, ‘दादांना कशाला त्रास?’ वडील सहाला उठायचे, आंघोळ करून खाकी शर्ट चढवायचे, खिशात पाना टाकून ओट्यावर बसायचे. आई म्हणायची, अहो, घरातला सदरा तरी घाला. ते म्हणायचे, ‘कुणी आलं तर?’

आठ वर्षं बसले. दर दिवाळीला मिठाईचे खोके आले. हाक एकदाही आली नाही.

म्हणून तुमच्या ‘त्रास नको’वर माझा विश्वास नाही. त्रास त्यांचा वाचला नाही, तुमचा वाचला. ते थरथरणारे हात तुम्हाला बघवत नाहीत. ६३व्या वर्षी, स्वतःच्या हातात पाना असताना, ते का बघवत नाहीत हे मला कळतं. त्यासाठी मी तुम्हाला दोष देत नाही. पण त्या भीतीला दयेचा रंग देऊ नका.

आता ठकठक. माझ्या धाकट्या दिरांचं गॅरेज आहे, त्यांना तुमचं पत्र वाचून दाखवलं. ते म्हणाले, इंजिनात ठोकण्याचे आवाज पुष्कळ असतात. वरून हलकी टिकटिक येते ती टॅपेटची, फीलर गेज, म्हणजे फट मोजायची पातळ पट्टी, घालून गॅप नीट केली की जाते. थंड इंजिन ठोकतं आणि गरम झाल्यावर गप्प होतं, ते पिस्टनचं. तुमचं उलटं आहे, गरम झाल्यावर ठोकतं. म्हणजे ऑइल पातळ झालं की जिथे जास्तीची फट आहे तिथून आवाज येतो. खाली क्रँकच्या बेअरिंगांकडे बघावं लागेल. इंजिन चालू ठेवून एकेका प्लगची वायर काढायची, ज्या सिलिंडरची काढल्यावर आवाज कमी होतो तिथे दोष. चारच सिलिंडर, १०८९ सीसीचं साधं इंजिन. इथपर्यंत तुम्हाला व्हिडिओतही सापडलं असेल.

पण त्या एका सिलिंडरमध्ये बेअरिंग बोलतंय की पिस्टनची पिन, बोलतंय ते किती बोलतंय, अजून चालेल की आजच उघडायला हवं, हे कसं ओळखायचं? दीर म्हणाले, ‘वहिनी, लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक ब्लॉकला लावायचं आणि मूठ कानाला. पुढचं ज्याला ऐकू येतं त्यालाच येतं. मला फियाटचं नाही येत. मी ती इंजिनं फार केली नाहीत.’ दीर पन्नाशीचे आहेत.

भाऊ, या वाक्यापाशी जरा थांबा. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात पन्नासच्या दशकापासून फियाट बनत होत्या. तुमचं ११०० डी मॉडेल १९६४ पासूनचं, तेच पुढे पद्मिनी झालं. शेवटची पद्मिनी कारखान्यातून निघाली त्याला पाव शतक होत आलं. मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची २० वर्षांची मुदतही २०२३च्या ऑक्टोबरअखेर संपली. या गाड्या रस्त्यावर होत्या तोवर रोज कुठल्या ना कुठल्या गॅरेजमध्ये त्यांचं बॉनेट वर व्हायचं, शेजारी उभं राहून पोरं ऐकायची, ऐकून शिकायची. आता बॉनेटच वर होत नाही, तर पोर शिकणार कुठे? गाड्या उरतील. तुमच्यासारखे लोक त्या कोकणातून उचलून आणतील, रंगवतील. पण फियाट ऐकलेले कान आता सत्तरीत, ऐंशीत आहेत. त्यातले दोन तुमच्या घरापासून रिक्षाच्या अंतरावर आहेत, आणि तुम्ही मोबाइलवर व्हिडिओ बघताय.

तुम्ही कोल्हापूरचे आहात म्हणून मला जास्त लागतं. उद्यमनगर म्हणजे मोडका भाग रुमालात बांधून न्यायचा आणि तस्साच नवा घडवून आणायचा, अशी जागा. ओतकाम शेजारी, लेथ शेजारी, बोअरिंग पलीकडच्या गल्लीत. बाबूराव पेंटरांनी शंभर वर्षांपूर्वी तुमच्याच गावात विलायती यंत्र बघून सिनेमाचा कॅमेरा घडवला. ती विद्या एकाच्या शेजारी दुसरा उभा राहिला म्हणून टिकली. तुम्ही त्या मेस्त्रींच्या शेजारी किती वर्षं उभे होतात? आठवा जरा. त्यांनी तुम्हाला कधी मध्येच थांबवून ‘ऐका’ म्हटलं असेलच. तेव्हा तुम्ही ऐकलंत का? की कारखान्याची घाई होती?

मारुतीच्या इंजिनाचं मनातून काढून टाका. २०२१च्या केंद्रीय नियमांप्रमाणे पन्नास वर्षांहून जुनी गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीला २०,००० रुपये लागतात आणि ती दहा वर्षं चालते. पण चॅसिस, बॉडी आणि इंजिन मूळचं हवं, त्यात मोठा फेरफार चालत नाही. तुमची १९६७ची गाडी वयाने त्यात बसते. इंजिन बदललंत तर चार वर्षांची मेहनत एका दिवसात त्या नियमाबाहेर जाईल. मित्राने ‘मोकळा हो’ म्हटलं ते त्याच्या दृष्टीने ठीक असेल. तुम्हाला मोकळं व्हायचंच नाहीये, नाहीतर तुम्ही मला पत्र लिहिलं नसतं.

छंद सोडू नका. पण आज संध्याकाळच्या आत मेस्त्रींकडे जा.

आधी फोन करू नका. फोनवर ते ‘कशाला, राहू द्या’ म्हणतील आणि तुम्ही लगेच मान्य कराल. फळं नेऊ नका, मिठाई नेऊ नका. आजाऱ्याला बघायला जातात तसं जाऊ नका. काम घेऊन जा. दारात उभं राहून म्हणा, ‘मेस्त्री, इंजिन गरम झालं की ठोकतंय. मला सापडत नाही. चला.’ दोन वर्षांची माफी मागत बसलात तर त्यांना तुमचंच सांत्वन करावं लागेल, तेही नको. ते रागावले तर खाली मान घालून ऐकून घ्या. ते म्हणाले, ‘माझ्या हातात आता काही राहिलं नाही’, तर म्हणा, ‘हात मी आणलेत.’

शेडमध्ये त्यांना गाडीजवळ खुर्ची द्या. स्क्रू ड्रायव्हर तुम्ही ब्लॉकला धरा, मूठ त्यांच्या कानाला टेकवा. ते सांगतील ती वायर काढा, सांगतील तेव्हा परत लावा. मग त्यांनी काय ऐकलं ते विचारा आणि तोच स्क्रू ड्रायव्हर स्वतःच्या कानाला लावून ऐका. ऐकू आलं नाही तर ‘नाही आलं’ म्हणा. पुन्हा ऐका. शेजारपाजारचं एखादं पोरगं डोकावत असेल तर त्यालाही आत घ्या.

निघताना त्यांना मजुरी द्या, आज उद्यमनगरात चालते त्या दराने. पाकिटात घालून ‘चहापाण्याला’ म्हणून देऊ नका, मजुरी म्हणून हातात द्या. हात थरथरत असेल तर नोट धरेपर्यंत थांबा. आणि रात्री वहीत लिहा. सोलेक्सच्या खाली एक ओळ, त्यांच्या नावाने.

एक गोष्ट मात्र मेस्त्रींना आत न्यायच्या आधी करायची. ते शटर! शटर ओढून इंजिन चालू ठेवता हे तुम्ही इतक्या सहज लिहिलंत की माझ्या पोटात गोळा आला. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो. डोकं दुखतं, झोप येते, आणि माणूस उठत नाही. शटर पूर्ण वर करा, सायलेन्सर उघड्याकडे येईल अशी गाडी वळवा, मगच चावी फिरवा. शेजारी बोलले तर बोलू देत.

माझी बाजू घेणारं कोणी नाही, असं तुम्ही शेवटी लिहिलंय. या गाडीसाठी चार वर्षं का घालवली, हे एका अक्षराने न सांगता ज्याला कळेल असा माणूस तुमच्या गावातच आहे. त्याच्या दारात तुम्ही दोन वर्षं गेला नाहीत. कदाचित तोही रोज शर्ट चढवून बसत असेल.

हे वाचून झालं असेल तर चपला घाला. ठकठक कुठली निघाली ते मला कळवा, दिरांनाही जाणून घ्यायचं आहे. पण त्या पत्रात सगळ्यात आधी मेस्त्रींचं नाव लिहा.

तुमची,
ताई