हाउसिंग बदलण्याआधी आतलं तेल बघा

तुमचं दुखणं थोडक्यात असं: गाडी २०१० ची डबल केबिन फोर-बाय-फोर पिकअप, राहायला ऐरोली, शेती मुरबाडच्या पुढे. पावसात शेताआधीचा ओढा भरलेला असतानाच पार केला, पाणी चाकांच्या वरपर्यंत आलं. तेव्हापासून चाळीसच्या पुढे मागून घूं आवाज येतो, फोर-बाय-फोरचा दांडा परत टू-व्हीलमध्ये येताना अडतो आणि चढावर इंजिनच्या तापमानाचा काटा वर जातो. मेकॅनिक म्हणतो, मागची हाउसिंग (मागच्या दोन चाकांमधलं, आत गिअर आणि तेल असलेलं लोखंडी कवच) आख्खी बदला.

त्याचं म्हणणं खरंही असू शकेल. पण तेलाचा प्लग न उघडता नुसत्या आवाजावरून त्याने हे सांगितलं असेल, तर अजून पैसे देऊ नका.

ऐरोलीहून कल्याणमार्गे मुरबाडच्या पुढे जाईपर्यंत हाउसिंग चांगली तापते आणि आतली हवा फुगलेली असते. तशीच ती गार ओढ्यात उतरली की हवा एकदम आकसते आणि बाहेरचं काहीतरी आत ओढते. हवेच्या ये-जा साठी हाउसिंगच्या डोक्यावर एक छोटा ब्रीदर असतो. जुन्या गाड्यांत तो चिखलाने बुजलेला असतो, क्वचित कोणीतरी रंगही फासलेला असतो. मग पाणी ऑइल सीलच्या कडेने आत शिरतं. ब्रीदर उघडा असला आणि पाण्याखाली गेला तरी तेच. गाडी दुसऱ्या दिवशीही नीट चालते. आवाज पुढे यायला लागतो, बेअरिंगवर गंज धरल्यावर. म्हणून सुरुवात तेलापासून.

गाडी सपाटीवर घ्या, आणि खालचा प्लग सोडवण्याआधी वरचा, तेल भरायचा प्लग सुटतो का ते बघा. हा क्रम मोडू नका. वरचा गंजून बसला असेल आणि खालून तेल सोडून दिलंत, तर गाडी जागेवरून हलवता येणार नाही. वरचा सुटला की खालचा. पाणी शिरलं असेल आणि गाडी रात्रभर उभी असेल तर आधी थोडं निव्वळ पाणीच येईल, कारण ते तळाशी बसतं. तेल काळपट किंवा मधासारखं असेल तर पाण्याचा संशय सोडा. दूध घातलेल्या चहासारखं निघालं तर पाणी शिरलंय. प्लगवरच्या चुंबकाला करड्या रंगाचा मऊ लगदा असणं स्वाभाविक आहे. बोटाला टोचणारे तुकडे किंवा कपच्या असतील तर क्राउन-पिनियनला, म्हणजे आतल्या मुख्य दातेरी जोडीला, मार बसलाय, तुमचा मेकॅनिक बरोबर.

नुसतं पाणी निघालं आणि तुकडे नसतील, तर साधं नव्वद नंबरचं तेल भरा, दहा-पंधरा किलोमीटर बेताने चालवा, गरम असतानाच पुन्हा सोडा आणि मग मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या ग्रेडचं भरा. तेलाची पातळी वरच्या भोकाच्या काठापर्यंत. पुढची हाउसिंग, ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटून देणारा डबा) आणि गिअरबॉक्स यांचेही प्लग त्याच दिवशी बघा, ओढा काही फक्त मागच्या हाउसिंगला लागला नव्हता. गिअरबॉक्समध्ये मात्र हाउसिंगचंच तेल डोळे मिटून भरू नका. हाउसिंगला बहुधा जीएल-५ दर्जाचं तेल लागतं, आणि त्यातली काही रसायनं जुन्या गिअरबॉक्सच्या पितळी सिंक्रो रिंगांना (गिअर सहज पडायला मदत करणाऱ्या) खातात.

ब्रीदरचा इलाज अगदी स्वस्त आहे. टोपी काढून तिथे तेल सहन करणारी रबरी नळी बसवायची आणि तिचं टोक वर, मागच्या दिव्याच्या पोकळीत किंवा इंजिनच्या बाजूला न्यायचं. नळी सायलेन्सरपासून लांब ठेवा, आणि चाक पूर्ण खाली लटकलं तरी ताणली जाणार नाही इतकी ढिली. मी जुनी फोर-बाय-फोर घेणाऱ्या प्रत्येकाला टायर आणि दिव्यांच्या आधी हेच करायला सांगतो. लोक दिवे लावतात.

आता आवाज. सरळ, मोकळ्या रस्त्यावर पन्नासला चालवा. एक्सिलरेटर दाबताना आणि सोडताना आवाजाचा सूर बदलत असेल तर क्राउन-पिनियन किंवा पिनियनच्या बेअरिंगकडे बोट जातं. एक्सिलरेटरने फरक पडत नाही, पण गाडी हलकेच डावीकडे-उजवीकडे झुलवल्यावर वाढतो किंवा कमी होतो, तर चाकाचं बेअरिंग. डांबरावरून काँक्रीटवर गेल्यावरच बदलला तर ते टायर आहेत, आणि चिखलाचे जाड नक्षीचे टायर असतील तर ती घरघर जन्माची. गाडी उचलून, घोडीवर ठेवून चाक वर-खाली धरून हलवा. खेळ जाणवला तर दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगा. ब्रेक दाबल्यावर खेळ गेला तर बेअरिंग. पुढच्या चाकात तो तरीही राहिला तर किंगपिन किंवा बॉल जॉइंट (चाक ज्यावर वळतं ते सांधे) बघा. पहिल्यातून रिव्हर्समध्ये टाकताना टक् असा आवाज येत असेल तर प्रोपेलर शाफ्टचे (हाउसिंगपर्यंत ताकद नेणाऱ्या लांब नळीचे) क्रॉस, म्हणजे सांधे, झिजलेत. पाण्यातून आल्यावर क्रॉसच्या निपलांना ग्रीस गन लावायची, जुनं गढूळ ग्रीस बाहेर पडून नवं दिसेपर्यंत.

दांडा अडण्यात बहुतेक वेळा बिघाड नसतोच. अशा पार्ट-टाइम, म्हणजे गरजेपुरतंच फोर-बाय-फोर लावायच्या गाडीत पुढची आणि मागची हाउसिंग एकमेकींना घट्ट बांधलेली असते, मध्ये वेगातला फरक सामावून घेणारं डिफरन्शियल नाही. वळणावर पुढच्या चाकांना जास्त अंतर कापायचं असतं. चिखलात टायर घसरून हिशेब भागतो, डांबरावर भागत नाही, आणि सगळा पीळ शाफ्टमध्ये अडकून राहतो. शेतातून निघून मुख्य रस्त्याला लागल्यावर दांडा काढायची तुमची सवय असेल तर ती बदला, कच्चा रस्ता संपायच्या आधीच काढा. अडकलाच तर कच्च्यावर गाडी सरळ थोडी मागे घ्या, बहुधा सुटतो. पुढे नवे आणि मागे झिजलेले टायर असतील तरी सरळ रस्त्यावरही पीळ पडतो, म्हणून चारही एका मापाचे ठेवा. टाटा झेनॉन, महिंद्रा गेटअवे यांसारख्या गाड्यांत दांड्याऐवजी डॅशबोर्डवर नॉब असतो. तिथे खालची मोटर आणि तिच्या वायरींचे कनेक्टर आधी तपासायचे. आणि उन्हाळ्यातही महिन्यातून एकदा कच्च्यावर फोर-बाय-फोर लावून थोडं चालवत जा, नाहीतर आतले सील कोरडे पडतात.

काटा वर जाण्याचं कारण बहुतेक भाताच्या खाचरातला चिखल. तो एसीच्या कंडेन्सरच्या आणि रेडिएटरच्या मधल्या फटीत जाऊन बसतो, समोरून बघितलं तर सगळं स्वच्छ दिसतं. गाडी गार झाल्यावर इंजिनच्या बाजूने बाहेरच्या दिशेने, साध्या नळीने धुवा. प्रेशरचा फवारा मारलात तर जाळी वाकेल. शिवाय व्हिस्कस फॅन (इंजिन तापल्यावर पकड घेणारा रेडिएटरचा पंखा) बघा: इंजिन तापलेलं असताना बंद करून पंखा हाताने फिरवला आणि तो भिरभिर फिरला, तर त्यात जीव नाही. कोणी थर्मोस्टॅट काढून टाका म्हणेल, ऐकू नका. रेडिएटरमध्ये शेतावरच्या बोअरचं पाणीही नको, त्याचा क्षार आत बसतो.

ब्रेकबद्दल तुम्ही लिहिलं नाही, तरी मागचे ड्रम उघडून आतला चिखल काढाच. हाउसिंगला जोडलेला, वजनानुसार मागचा ब्रेक कमी-जास्त करणारा व्हॉल्व्ह असेल तर त्याचा दांडा गंजून बसलाय का तेही बघा. पाटे (मागच्या पट्टीच्या स्प्रिंगा) बदलून गाडी उंच केली असेल तर तो नव्याने लावून घ्यावा लागतो.

गाडी सेकंडहँड घेतली असं लिहिलंय म्हणून विचारतो, आधी मासळी वाहायची का? आपल्या खाडीपट्ट्यात अशा पिकअप खूप विकायला येतात. बर्फाचं खारं पाणी हौद्यातून थेट चेसिसवर गळत राहतं आणि विकण्याआधी वरून काळा रंग मारला जातो. पाट्यांच्या हँगरपाशी आणि हौद्याच्या बोल्टांभोवती हातोडीने ठोकून बघा. खणखणीत वाजलं तर ठीक, बद्द वाजलं किंवा पापुद्रे पडले तर आधी वेल्डरकडे, बाकी सगळं नंतर. खाली जळकं ऑइल फवारायचा सल्ला मिळेल, त्याने रबरी बुश फुगतात.

पुढच्या पावसात ओढ्यात इंजिन बंद पडलं तर सेल्फ मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर डिझेल इंजिनचा कनेक्टिंग रॉड तिथेच वाकतो. गाडी ओढून बाहेर काढा, एअर फिल्टर ओला आहे का बघा. ओला असेल तर ग्लो प्लग किंवा इंजेक्टर काढूनच इंजिन फिरवायचं.

पुढचा लोखंडी गार्ड फोटोत दिसतोय. त्यावर केंद्राने डिसेंबर २०१७ मध्ये बंदी घातली आहे, आरटीओत जाण्याआधी उतरवा.

रविवारी प्लग उघडलेत तर मागच्या तेलाचा आणि चुंबकाचा फोटो टाका. त्यात कपच्या दिसल्या तर जुनी पण चांगली हाउसिंग कशी पारखायची ते लिहितो.